मुंबईहून दोन दिवसांसाठी अलिबागला जायचंय. आवास-किहीमकडे स्विमिंग पूलवाला व्हिला घ्यावा की नागावला घरगुती सोय बघावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "फेब्रुवारीत जाणार, सहा जण, सोबत आई-वडील. खर्चाची अडचण नाही, पण मोठे लोक उतरतात तशी जागा हवी. घरगुती खोल्यांना स्टँडर्ड नसतं असं ऐकलं." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला घेतलं. मी नागावची. आमच्या वाडीत पाहुणे उतरवायला सासूबाईंनी सुरुवात केली, आता मी बघते. तेव्हा माझं उत्तर काय असणार ते तुम्हाला कळलंच असेल. व्हिला घेऊ नका.

आधी प्रवासाचं उरकते. गाडी आणणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट घ्या. मार्च २०२० पासून ती सुरू आहे, गाडीसकट तासाभरात मांडव्याला उतरवते आणि आई-वडिलांना बसायलाही नीट जागा असते. शनिवार सकाळची फेरी लवकर भरते, तिकीट आधी काढून ठेवा. गाडी नसेल तर गेटवेहून मांडव्याच्या बोटी आहेत, अलिबागपर्यंतची बस त्याच तिकिटात येते. रस्त्यानं याल तर अटल सेतूनं शिवडीपासून चिर्ल्यापर्यंत झटकन याल, पण वडखळ नाक्यावरची कोंडी चुकत नाही. शनिवारी सकाळी सातच्या आत वडखळ मागे टाका. रविवारी संध्याकाळी तर परत निघूच नका. दुपारी जेवून लगेच निघा, नाहीतर राहा आणि सोमवारी पहाटे निघा.

आता मोठ्या लोकांचं. आवास, सासवणे, किहीम, झिराड या पट्ट्यात उद्योगपतींचे, नटांचे, क्रिकेटपटूंचे बंगले आहेत हे खरं. पण ते लोक स्वतःच्या घरात उतरतात. तिथे बारा महिने माळी असतो, स्वयंपाकीण असते, विहिरीवर लक्ष ठेवणारं माणूस असतं. तुम्हाला भाड्यानं मिळतो तो व्हिला वेगळा. मालक ठाण्याला नाहीतर पुण्याला, किल्ली एका पोराकडे, आणि तो पोरगा चार व्हिले सांभाळतो. शिवाय किनाऱ्यालगतच्या कित्येक बांधकामांवर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम मोडल्याचे, खटले आहेत. किहीमजवळचा नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला, तो सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितला. कुठेही उतरा, पर्यटन विभागाची नोंदणी आहे का एवढं विचारून घ्या.

पण माझं खरं भांडण या कशाशी नाही. ते पाण्याशी आहे आणि ते घरातलंच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी बारानंतर वाऱ्याचा जो आवाज सुरू झाला तो आमच्यातल्या कुणी आधी ऐकला नव्हता. आम्ही सगळे माजघरात होतो, मी, जाऊबाई, मुलं आणि सासूबाई. बाहेर पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडत होत्या. माड पडतो तो मुळासकट, धप्प असा एकदाच आवाज होतो. पोफळ मधेच मोडते, काडकन. एक मोडली की शेजारची, मग तिच्या शेजारची. संध्याकाळी दार उघडलं तर वाडीच्या या टोकाकडून थेट त्या टोकाचा बांध दिसत होता. लग्न होऊन आल्यापासून तो बांध मला घरातून कधी दिसला नव्हता, मधे एवढी दाट झाडं होती. सासूबाई पायरीवर आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, "आधी विहिरीतल्या झावळ्या काढा, पाणी कुजेल."

पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, बागांना हेक्टरी ५० हजार. आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. पडलेली झाडं कापून वाडीबाहेर काढायलाच त्याहून जास्त खर्च आला. पोफळीचं रोप लावलं की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. कोवळ्या रोपाला ऊनही सोसत नाही, आधी केळी लावून सावली धरावी लागते. हे सगळं करायचं की नाही, यावर आमच्या घरात दोन मतं झाली.

माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, सुपारीत काही राहिलं नाही. लोक विहीर बघायला पैसे देत नाहीत, पूल बघायला देतात." आमचे हे म्हणाले, वाडी परत लावू. शेवटी वाटणी झाली. मधे कुंपण आलं. भाऊजींनी त्यांच्या हिश्श्यात उभी राहिलेली झाडंही काढली, फरशी घातली, तीन खोल्या आणि पूल बांधला. विहीर आमच्या हिश्श्यात आली, म्हणून त्यांनी बोअर मारली.

मुंबईला नळ सोडला की पाणी येतं, म्हणून तुम्हाला हे नीट सांगते. किनाऱ्यालगतच्या गावात जमिनीखाली वर गोडं पाणी असतं आणि त्याच्या खाली समुद्राचं खारं. गोडं पाणी हलकं, म्हणून खाऱ्यावर तरंगतं. उथळ विहिरीतून रोज थोडं उपसलं तर वरचा थर टिकतो, पावसाळ्यात पुन्हा भरतो. पण खोल बोअरनं दणादण ओढलं की खालचं खारं पाणी वर चढतं. वीस फूट बाय दहा फुटांचा चार फूट खोल पूल म्हणजे साडेबावीस हजार लिटर पाणी. वर उन्हानं उडालेलं भरा, फिल्टर धुवा, बुकिंग बदललं की हिरवं झालेलं काढून नवं भरा. आमची विहीर पिढ्यान्‌पिढ्या गोडी होती, चहाला तेच पाणी. पूल झाल्यावरच्या मे महिन्यात सासूबाईंनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. पाणी मचूळ, म्हणजे किंचित खारट, झालं होतं. माड मचूळ पाणी सोसतो, पोफळ नाही. नव्या रोपांच्या पातींची टोकं आधी पिवळी पडली, मग करपली. केळीखाली उकिडवं बसून ती टोकं मी बोटांनी मोडून बघत होते, कुरकुरीत लागत होती. बरीच रोपं गेली. गेली त्या जागी आम्ही परत लावली.

त्या वादात भाऊजींचं म्हणणं एकच, "पाहुण्यांना स्टँडर्ड लागतं." तोच शब्द तुम्ही लिहिलात.

तुम्ही आई-वडिलांना आणताय म्हणून एक गोष्ट सांगते. मागे पलीकडच्या व्हिलात एक कुटुंब उतरलं होतं, सोबत आजी. रात्री आजींना थंडी वाजून ताप आला. किल्लीवाला पोरगा चोंढीला गेलेला, फोन उचलेना. भाऊजी त्या दिवशी पनवेलला. आजींची सून अंधारात कुंपणाशी येऊन हाका मारत होती. ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला, आजींना आमच्या पडवीत आणलं, मी मऊ भात केला. खोलीला एसी नव्हता, भिंतीवर मोठा टीव्ही नव्हता, पण घरात माणूस होतं. आई-वडिलांना घेऊन जाताना मालक त्याच आवारात राहतो का, हे पहिलं विचारा. माझ्या लेखी स्टँडर्ड म्हणजे हेच.

दोन दिवसांत काय करायचं, तेही सांगते. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जा. कधी जायचं ते तिथीवरून ठरतं, हॉटेलवाल्यांना विचारू नका. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येतो तो भरतीचा तास. चतुर्थीला भरती दुपारी तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमा-अमावस्येला पाणी खूप मागे जातं, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणून तृतीया ते पंचमीत पडणारा शनिवार-रविवार गाठा, न्याहारी करून निवांत जाता येतं. तिथे सांगितलेल्या वेळेआधी परत फिरा, पाणी चढायला लागलं की वाट बघता बघता जाते. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. देवळाजवळच गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडे समुद्र आणि मधे पिण्याजोगं पाणी. ते बघताना मला भाऊजींची बोअर आठवल्याशिवाय राहत नाही. आंग्र्यांच्या माणसांना पाणी जपायचं कळत होतं.

सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे, तिथेच त्यांच्या मूर्तींचं संग्रहालय आहे. वडिलांना आवडेल. अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२, मराठीतला सर्वांत जुना म्हणून काही अभ्यासक त्याचं नाव घेतात. नागावला येताना वाटेतच अक्षी लागतं, दहा मिनिटं थांबा. निळं पाणी आणि पांढरी वाळू मात्र इथे शोधू नका. आमची वाळू काळपट, पाणी गढूळ. ते हवं असेल तर मालवण-तारकर्लीला चार दिवस काढून जा. काशीदची वाळू उजळ आहे, पण तिथे पाण्याला ओढ फार, पोहायला उतरू नका.

खायचं म्हणाल तर फेब्रुवारीत पोपटी मिळेल, ती सोडू नका. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मधे अंडी किंवा मसाला लावलेलं चिकन, वर पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा, चर्रर करून पाणी लगेच उडालं की पोपटी झाली. व्हिलातल्या गॅसच्या बार्बेक्यूवर हे होत नाही. त्याला वाडी लागते, पाचोळा लागतो आणि करणारं माणूस लागतं. जिताडा मासा मिळाला तर घ्या, खारेपाटातल्या तळ्यातला. पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून रस्त्यावर कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून विकतात. पातीसकट वेणी घातलेली माळ घ्या आणि एक कांदा फोडून खाऊन बघा. आमचा गोडसर लागतो, डोळ्यांत पाणी आणत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. घरगुती सोय सगळीकडे चांगली असतेच असं नाही. नागावातच अशा खोल्या आहेत की मी माझ्या माणसांना तिथे पाठवणार नाही. संडास बघून घ्या, वडिलांचे गुडघे दुखत असतील तर पायऱ्या किती ते विचारा. रात्री गाणी लावायची असतील तर आमच्यासारख्या घरी येऊ नका, दहानंतर आम्ही चालू देत नाही. आणि विहीर मचूळ झाली याला एकटी बोअर कारण आहे असंही मी म्हणणार नाही. आसपास बोअर बऱ्याच झाल्यात, किनाराही झिजतोय. व्हिल्यांमुळे गावातल्या पोरांना काम मिळालं हेही खरं. भाऊजींनी कर्ज फेडलं, मुलीला इंजिनिअरिंगला घातलं. त्याचा मला आनंदच आहे.

तरीही व्हिलाच घ्यायचा ठरवलात तर बुकिंगच्या आधी मालकाला विचारा, पूल कुठल्या पाण्यानं भरता आणि शेवटचा कधी भरला. पाहुणेच विचारायला लागले तर मालकांना उत्तर द्यावं लागेल. आम्ही शेजाऱ्यांनी विचारून काही होत नाही, ते मी बघितलंय.

भाऊजी या साइटवर असतात, हे वाचतील. गणपतीत सगळ्यांसमोर बोलले होते तेच इथे लिहिते. एप्रिल-मे दोन महिने पूल भरू नका. त्यामुळे भाड्यात जी खोट येईल तिचा निम्मा वाटा आम्ही उचलू, ह्यांचीही तयारी आहे. यंदा आमच्या काही पोफळींना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे, आणि तिला येत्या उन्हाळ्यात गोडंच पाणी लागणार आहे.