कंट्रोल फाइलमधलं वर्णन विस्कटू नये म्हणून

पहिलं डेबियन पॅकेज (डेबियन लिनक्सवर बसवायचा सॉफ्टवेअरचा गठ्ठा) करताय, छान! तुम्ही विचारलंत की कंट्रोल फाइलमधल्या, म्हणजे पॅकेजची माहिती देणाऱ्या फाइलमधल्या, वर्णनातली यादी एका परिच्छेदात का गोळा होतेय. त्याचं मूळ ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसमध्ये आहे.

- एक स्पेस: साधा मजकूर, ओळी एकमेकींना जोडल्या जातात.
- दोन किंवा जास्त: ओळ जशीच्या तशी राहते. याद्या, कमांडची उदाहरणं अशीच लिहा.
- कोरी ओळ हवी तर एक स्पेस आणि टिंब. खरोखर रिकामी ओळ सोडलीत तर त्या पॅकेजची नोंदच तिथे संपते. नवे लोक हमखास इथे अडकतात.

टॅब नकोच. स्क्रिप्ट हे वर्णन व्हेरिएबलमधून छापत असेल तर व्हेरिएबल दुहेरी अवतरणात घाला, नाहीतर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) जास्तीच्या स्पेस आणि ओळींमधले खंड दोन्ही गिळतं. कंट्रोल फाइलमधली बाकीची फील्ड (माहितीचे रकाने) नंतर बघू. आधी पॅकेज बांधा आणि ‘एप्ट शो’ (apt show) या कमांडने वर्णन नजरेखालून घाला.