बिऱ्हाड हलवताना: जेवण, गोळ्या आणि टाकीतलं पाणी

प्रश्न: जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सांतिनेजहून फोंड्याला राहायला जातोय. ह्यांना मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी, रात्री इन्सुलिन. मिरामारला रोजचं चालणं, ठरल्या वेळी जेवण, सगळं अंगवळणी पडलं आहे. हलवाहलवीत ते विस्कटू नये म्हणून काय करावं?
— एक वाचक, पणजी

उत्तर: ताई, चालणं चार-आठ दिवस राहिलं तरी चालेल. जेवण आणि औषधाची वेळ मात्र अजिबात चुकवू नका. ग्लिमेपिराइड पोटात काही नसलं तरी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. त्यात सकाळपासून खोकी उचलणं आणि ‘टेम्पो जाऊ दे, मग जेवू’ म्हणणं आलं, की साखर झपाट्याने उतरते. जूनच्या दमट हवेत घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे हा घाम साखर उतरल्याचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून ग्लुकोमीटर त्यांच्या खिशात असू द्या. हात थरथरले, धडधडलं, उगाच चिडचिड झाली, की तपासा. आकडा 70 च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर वर आली की पोटभर खायला द्या. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा. त्या दिवशी डोस बदलायचा का, हे तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

दहा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि इन्सुलिन टेम्पोत टाकू नका, स्वतःजवळ ठेवा. न फोडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत लागतं, पण बर्फाला चिकटवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वाया गेलेलं असतं. वापरातलं पेन सावलीत, 30 अंशांखाली चालतं; किती दिवस, ते पाकिटावर छापलेलं असतं. फ्रीज उभाच न्या आणि पोचल्यावर तीन-चार तास थांबून सुरू करा. आडवा नेला असेल तर दिवसभर थांबा, कारण कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं.

स्वयंपाकाचं एक खोकं सगळ्यात शेवटी भरा आणि नव्या घरी सगळ्यात आधी उघडा: कुकर, तवा, सुरी, लायटर, उकडे तांदूळ, डाळ, मीठ, तेल, भांडी घासायचा साबण. अळसांदे (मोठी चवळी) आदल्या रात्री भिजत घातले की सकाळी कुकरमध्ये तोंडाक, म्हणजे त्यांची खोबऱ्याच्या वाटणातली दाट उसळ, होतं. नुसत्या पेजेवर भागवू नका, तिने साखर चढते आणि भूकही लवकर लागते. जोडीला तोंडाक किंवा उकडलेली अंडी हवीतच.

आणि पाय! खोकी फोडताना टाचण्या, पिना जमिनीवर पडतात. मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असली तर टोचलेलं कळतही नाही. नव्या घरात पहिला आठवडाभर चपला घालूनच वावरायचं, आणि रात्री तळवे उजेडात बघायचे. पावसात बूट भिजले तर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या.

फोंड्यात सपाट रस्ता थोडा. फर्मागुडीचा चढ लगेच नको. सुरुवातीला जेवणानंतर इमारतीखालच्या पार्किंगमध्ये 10-15 मिनिटं चाला. पावसाळ्यात हेच जास्त टिकतं.

प्रश्न: पर्वरीला घेतलेला फ्लॅट वर्षभर बंद होता. कुबट वास येतो, भिंतीला बुरशी आहे. मुलाला दम्याचा त्रास आहे. राहायला जाण्याआधी काय करावं?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: वास बऱ्याचदा न्हाणीघराच्या मोरीतून येतो. जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराची हवा वर येते. प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये पाणी ओता.

मग टाकी. रिकामी करून घासा. 1000 लिटर भरून 150 ते 200 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता. क्लोरीनचा वास येईपर्यंत सगळे नळ सोडा, मग बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी सगळं पाणी काढून टाका, नव्याने भरा, आणि वास जाईपर्यंत नळ वाहू द्या. ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. टाकीचं झाकण घट्ट हवं, ओव्हरफ्लोच्या नळीला बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात.

बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, तिचे कण हवेत उडतात. मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा आणि भिंत वाळवा. ओल कुठून येते ते शोधल्याशिवाय रंग देऊ नका, पावसाळ्यात पापुद्रे निघतात. कपाटं भिंतीपासून तीन इंच पुढे ठेवा. मुलाला त्या खोलीत भिंत पूर्ण वाळेपर्यंत झोपवू नका. नव्या रंगाचा वास असेपर्यंतही नको. त्याचा इनहेलर तुमच्या पिशवीत ठेवा, खोक्यात नव्हे.

प्रश्न: सामान उचलून पाठ धरू नये म्हणून काय करावं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: पुस्तकं लहान खोक्यांत भरा, 12 किलोंच्या वर नको. गुडघे वाकवून खोकं पोटाशी धरा, आणि वळताना कंबर न पिळता पावलं वळवा. गोदरेजचं कपाट हमालांवर सोडा.