ऑफिसात गे म्हणून छळ होतोय, कायदा काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीतल्या खासगी कंपनीत आहात, गे असल्याचं टीमला कळल्यापासून टीम लीड सगळ्यांसमोर तुमच्या नकला करतो आणि यंदा प्रमोशनही अडवलं.

तुम्ही ट्रान्सजेंडर असता तर उत्तर सोपं होतं. 2019 चा कायदा भरतीपासून बढतीपर्यंत भेदभावाला मनाई करतो, खासगी कंपन्यांनाही लागू आहे आणि प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमायला लावतो. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल माणसांसाठी असा थेट कायदा नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या कचाट्यातून आपल्याला सोडवलं, पण समानतेचा हक्क मुख्यतः सरकारी मालकाविरुद्ध मागता येतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. रामचंद्र सिरस आठवा. 2010 मध्ये त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण झालं आणि निलंबन मात्र त्यांचंच झालं. विद्यापीठ केंद्रीय, म्हणून ते उच्च न्यायालयात जाऊ शकले आणि निलंबनाला स्थगितीही मिळाली. काही दिवसांतच ते मृतावस्थेत सापडले. तुमच्या-माझ्यासारख्या खासगी नोकरदाराला ती वाटही सहसा मिळत नाही. छळ तोच, पण मालक कोण यावर दाद ठरते, हा मला घोर अन्याय वाटतो.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध जो पॉश कायदा आहे, त्याखाली तक्रार फक्त स्त्रीला करता येते. तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या लेस्बियन मुलीला त्रास होत असेल तर तिला हे जरूर सांगा. त्रास देणारी बाई असली तरी चालतं, मुदत तीन महिन्यांची.

मग तुमच्या हातात काय? कंपनीचं स्वतःचं धोरण. बऱ्याच कंपन्यांच्या हँडबुकात लैंगिक कलावरून भेदभाव करणार नाही असं लिहिलेलं असतं, काहींनी पॉशच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती पुरुषांनाही खुली केलीय. मी लोअर परळला असताना एक सहकारी माझ्या चालण्याची नक्कल करायचा. एचआरला तीनदा तोंडी सांगितलं, तिन्ही वेळा ‘मनावर घेऊ नकोस’ ऐकलं. चौथ्यांदा तारखा, शब्द, कोण हजर होतं ते आणि हँडबुकातलं ते वाक्य, सगळं मेलवर टाकलं. आठवड्याभरात बैठक लागली, त्याची टीम बदलली. माफी काही मिळाली नाही.

म्हणून आजपासून लिहायला लागा. प्रत्येक प्रसंग, त्याच दिवशी. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे शेरे स्क्रीनशॉट काढून ठेवा, आधीच्या वर्षांची चांगली अप्रेझल्स जपून ठेवा. प्रमोशन का अडलं याचं उत्तर त्यांना लेखी द्यावं लागेल असं विचारा. ‘घरी सांगू’ म्हणून कोणी धमकावलं तर ते प्रकरण एचआरचं राहत नाही. बदनामीची धमकी आणि पैसे उकळणं हे दोन्ही भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत, पोलिसांत जाता येतं. एकट्याने चौकी चढायची हिंमत होत नसेल (माझी झाली नसती) तर आधी हमसफर ट्रस्टशी बोला. 1994 पासून मुंबईत आपल्या लोकांसाठी काम करतात.

आणि तक्रारीनंतर एखाद्या संध्याकाळी केबिनमध्ये बोलावून राजीनाम्याचा कागद पुढे केला, तर तिथे सही करू नका. ‘वकिलाला दाखवून उद्या सांगतो’ एवढंच म्हणा, बाहेर या, आणि काय घडलं ते घरी पोचायच्या आत त्यांनाच मेल करा.