न पडलेल्या फीडरची नोंद

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोललास ते डोक्यातून जात नाही. वादळात शेजारच्या सेक्शनचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, बंद पडला, पोरांनी रात्रभर भिजत लाईन सुरू केली, त्यांचा सत्कार झाला. तुझा फीडर एकदाही ट्रिप झाला नाही, बिघाडाने आपोआप बंद पडला नाही, तर तुझं नावही कुणी घेतलं नाही. "मग मे महिन्याच्या उन्हात मी काय केलं?" असं विचारलंस.

जे घडलंच नाही ते वरच्यांना दिसणार कसं? तारांवरच्या फांद्या छाटल्यास, तारा जोडणारे सैल जंपर आवळलेस, तडकलेले इन्सुलेटर बदललेस, रोहित्राच्या ब्रीदरमधलं, हवेतली ओल शोषून गुलाबी पडलेलं सिलिका जेल काढून निळं भरलंस. ट्रिपिंगच्या तक्त्यात यातलं काही येत नाही. तिथे बिघाड येतो आणि तो किती वेळात निघाला ते. त्या पोरांवर मात्र रागावू नकोस. पावसात खांबावर चढायला छाती लागते.

तू लिहून ठेव. खांब क्रमांक, तारीख, काय आढळलं, काय केलं, केलं नसतं तर काय झालं असतं. उपविभागाला पत्र कर, जावक क्रमांक टाक. लाईनमनचं नावही लिही, शिडीवर तो चढला होता. आणि 'ही स्वतःची टिमकी वाजवणं झालं' हे पुन्हा म्हणू नकोस, मला चीड येते. नोंद आहे ती! कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू विष सोडतात हे दाखवून 1959 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापलं. 1985 मध्ये ते गेले, तोवर देशाने त्यांची फारशी दखल घेतली नव्हती. पण कागदावर होतं, म्हणून श्रेय त्यांच्याच नावावर राहिलं. लिहून ठेव.

मी कधी साहेबांच्या केबिनमध्ये चहाला बसलो नाही, दिवाळीला पुडा घेऊन गेलो नाही. माझ्या मागचे पुढे गेले. काकू अजून ऐकवते, ऐकवू दे. गोपनीय अहवालात 'साधारण' शेरा आला तेव्हा माझ्या नोंदींच्या वह्या जोडून अभिवेदन दिलं. शेरा बदलला. बढतीची यादी तोवर निघून गेली होती, हे खरं. तरी केबिनपेक्षा वही बरी, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

पुढच्या बैठकीत यंदाच्या तक्त्याशेजारी तुझ्याच फीडरचा गेल्या जून-जुलैचा तक्ता ठेव. तो आजच मागून घे, नंतर कुणी शोधून देत नाही.

तुझा काका