पहिली पट्टी बिनरंगाची

अनेक आशीर्वाद.

ॲम्प्लिफायरसाठी लेथवर काढलेल्या सहा नॉबचे फोटो पाहिले. काम स्वच्छ आहे, कडाही छान मारल्या आहेस. आता ते घरीच ॲनोडाइझ करायचे, म्हणजे विजेने त्यांच्यावर ऑक्साइडचा थर बसवायचा, आणि तेही गडद निळे, असं लिहितेस. घरी होतं हे. माझी अट एकच: पहिल्या वेळी रंग नाही आणि नॉबही नाहीत. ॲल्युमिनियमची १० बाय ५ सेंटिमीटरची साधी पट्टी घे आणि तिच्यावर नुसता थर बसवून दाखव.

कारण सांगतो. निळा नॉब डागाळलेला निघाला, तर दोष कुठे शोधशील? बोटांचं तेल राहिलं असेल, तारेचा जोड सैल असेल, ॲसिडचं द्रावण तापलं असेल, धुणं अर्धवट झालं असेल किंवा रंगच फालतू असेल. पाच संशयित, आणि सगळ्यांचा डाग साधारण सारखाच दिसतो. बिनरंगी पट्टीत प्रश्न एकच उरतो, थर बसला की नाही. त्याचं उत्तर मल्टिमीटर देतो: थर विजेला अडवतो, त्यामुळे मीटर बझरवर, म्हणजे वीज आरपार जाते का ते बघण्यावर, ठेवून दोन्ही प्रोब हलके टेकवले की बझर वाजता कामा नये. दाबू मात्र नकोस, टोक थर भेदून खालच्या धातूला लागतं. शिवाय १० बाय ५ च्या पट्टीच्या दोन्ही बाजू मिळून बरोबर १०० चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे एक चौरस डेसिमीटर, आणि या कामातले सगळे आकडे त्याच मापात असतात.

मुळात हा लेप नव्हे, हे आधी नीट समजून घे. सल्फ्युरिक ॲसिडच्या द्रावणात तुझी वस्तू डीसी पॉवर सप्लायच्या धन टोकाला लावली की तिचा पृष्ठभाग स्वतःच ऑक्साइड बनत जातो. थराचा साधारण दोन-तृतीयांश भाग मूळ धातूच्या आत असतो, एक-तृतीयांश बाहेर. ॲसिड त्याच वेळी थोडं थोडं विरघळवतही असतं, म्हणून थरात मधाच्या पोळ्यासारखी उभी छिद्रं राहतात, काही नॅनोमीटर रुंदीची. रंग त्या छिद्रांत शिरतो आणि शेवटी उकळत्या पाण्यात छिद्रांची तोंडं बंद होतात. यातून दोन गोष्टी निघतात. ओरखडे झाकले जात नाहीत, उलट जास्त दिसतात; त्यामुळे पॉलिश आधीच हवं. आणि मापं थोडी बदलतात. १५ मायक्रॉनच्या थराने शाफ्टचं भोक व्यासात साधारण १० मायक्रॉनने आवळेल. तुझ्या नॉबला त्याने फरक पडणार नाही, पण उद्या बेअरिंगची सीट किंवा बारीक आटे असलेला पार्ट केलास तर पडेल.

धातू कुठला, हे लिहिलं नाहीस. भंगारवाल्याकडच्या रॉडवर मी भरवसा ठेवणार नाही. ॲल्युमिनियमच्या ग्रेडपैकी एचई-९ म्हणजे ६०६३ नंबरचा, दारं-खिडक्यांच्या सेक्शनचा धातू. त्याच्यावर सगळ्यात नितळ थर येतो. एचई-३०, म्हणजे ६०८२, चालतो. रंग किंचित राखाडी येईल. एचई-१५ मध्ये तांबं भरपूर, तो टाळ. आणि ओतीव वस्तू, म्हणजे स्कूटरच्या इंजिनची कव्हरं वगैरे, त्यांच्यात सिलिकॉन इतकं असतं की काळपट, डागाळलेलं काहीतरी हाती येतं. पट्टी आणि नॉब एकाच धातूचे असले तरच पट्टीवरचा धडा नॉबला लागू पडेल.

आता ॲसिड. बॅटरीच्या दुकानातलं ॲसिड साधारण १.२५ घनतेचं, म्हणजे वजनाने तेहतीस-चौतीस टक्के असतं. तितक्याच मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात ते मिसळलं की अठरा टक्क्यांच्या आसपास येतं, आणि हवं तेच. दुकानात 'बॅटरीचं पाणी' मागितलंस की डिस्टिल्ड मिळेल. नळाचं किंवा बोअरचं नको, त्यातली क्लोराइडं धातूला टोचे पाडतात. आधी पाणी, मग त्यात बारीक धारेने ॲसिड. उलटं कधीच नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, त्यामुळे विक्रेता ओळखपत्र आणि कारण विचारून नोंद करेल. विचारलं तर चिडू नकोस, बाबांना सोबत ने.

स्वयंपाकघरात हे करायचं नाही, मोकळ्या गच्चीवर करायचं. डोळ्यांना बाजूंनीही बंद असलेला गॉगल, हातात रबरी मोजे, शेजारी पाण्याची भरलेली बादली आणि खाण्याच्या सोड्याचं मोठं पाकीट. ॲसिड अंगावर उडालं तर मात्र सोडा नाही, भरपूर पाणी, सोडा फरशीसाठी. ऋण टोकावर हायड्रोजन निघतो आणि फुटणारे बुडबुडे ॲसिडचे बारीक थेंब हवेत उडवतात, घशात खवखव होते ती त्यानेच. टबवर वाकून बघत बसू नकोस. पट्टी बाहेर काढण्याआधी सप्लाय बंद कर. चालू प्रवाहात जोड सुटला की ठिणगी पडते, आणि खाली हायड्रोजन आहे.

आणखी एक. क्रोमिक ॲसिडची पद्धत कुठे वाचलीस तर तिच्या वाटेला जाऊ नकोस. ती पहिली खरी, १९२३ सालची, बेंगफ आणि स्टुअर्ट यांची, ब्रिटनमधल्या समुद्री विमानांचे ड्युरालुमिनचे, म्हणजे ॲल्युमिनियम-तांब्याच्या मिश्रधातूचे भाग गंजू नयेत म्हणून काढलेली. पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. चारच वर्षांनी गोवर आणि ओब्रायन यांनी सल्फ्युरिकची पद्धत पेटंट केली, आणि आपण वापरतो ती त्याच घराण्यातली.

टब जाड प्लॅस्टिकचा घे. ऋण टोकाला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचे पत्रे लाव. कारखान्यांतून शिसंही वापरतात, पण घरात कशाला ते विष? द्रावणात तांब्याची तार, लोखंडी क्लिप, पितळ यांतलं काहीही बुडता कामा नये. नॉबांची पाळी येईल तेव्हा ग्रब स्क्रू, म्हणजे नॉब शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, आधी काढ. तो पोलादी आहे. आत राहिला तर प्रवाह त्याच्यातूनच वाहील, तो विरघळेल आणि नॉबवर थर बसणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ जोडावर घालव. घरच्या प्रयोगांत दहापैकी आठ वेळा गडबड तिथेच असते, असा माझा अंदाज आहे. वस्तूवर जसा थर बसतो, तसाच ॲल्युमिनियमच्या तारेवरही बसतो. जोड सैल असेल तर द्रावण फटीत शिरतं, तिथेही ऑक्साइड होतो आणि प्रवाह आपोआप तुटतो. तू घड्याळ बघत बसलेली, आणि टबात काहीच चाललेलं नाही. नुसती तार गुंडाळून भागत नाही. पट्टीला कोपऱ्यात भोक पाडून ॲल्युमिनियमचा रिव्हेट कच्चून ठोक. नॉबला शाफ्टच्याच भोकात ॲल्युमिनियमची सळई किंचित निमुळती करून घट्ट बसव. जोडाच्या जागी थर बसत नाही, डाग राहतो. तिथे तो कुणाला दिसणार नाही. तीच सळई पुन्हा वापरताना टोक घासून उघडं करायचं.

आधी भांड्यांचा साबण, मऊ स्कॉचब्राइट, पुन्हा साबण, आणि त्यानंतर उघडं बोट लावायचं नाही. वर पाणी ओत: सलग पडद्यासारखं पसरलं तर पट्टी स्वच्छ, थेंब थेंब झालं तर तेल आहे. कॉस्टिक सोड्यात बुडवायची पायरी तुला सगळीकडे सांगितली जाईल. पहिल्यांदा ती गाळ. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक जोरात उकळतं, हायड्रोजन सोडतं, माप खातं, वर काळी काजळी ठेवून जातं, आणि ती काढायला मग नायट्रिक ॲसिड आणा. एवढा पसारा एका पट्टीसाठी नको.

प्रवाह १.२ ॲम्पिअर ठेव, स्थिर प्रवाहावर. व्होल्टेजची मर्यादा २० वर लाव. पहिल्या काही मिनिटांत व्होल्टेज चढून चौदा-सोळाच्या आसपास रेंगाळेल. एकदम २० ला जाऊन प्रवाह कोसळला, तर जोड गेला. दोन-तीनवरच अडकून प्रवाह मात्र पूर्ण दिसतोय, तर पट्टी ऋण पत्र्याला टेकली. बुडबुड्यांवरून काही ठरवू नकोस. थराचा ढोबळ हिशेब असा: चौरस डेसिमीटरमागचे ॲम्पिअर गुणिले मिनिटं, भागिले तीन, की मायक्रॉन येतात. १.२ ने ४० मिनिटांत १६ मायक्रॉन. तुझे नॉब ३० मिलिमीटर व्यासाचे आणि २० उंचीचे आहेत. एकाचा पृष्ठभाग सुमारे ३३ चौरस सेंटिमीटर, सहांचा जवळजवळ दोन चौरस डेसिमीटर. म्हणजे तेव्हा २.४ ॲम्पिअर लागतील, वेळ तोच.

द्रावण १८ ते २२ अंशांत हवं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी ते फुकट मिळतं, मे महिन्यात बर्फाच्या बाटल्या बाहेरून लावाव्या लागतील. सहा नॉबांच्या वेळी सुमारे ३६ वॅट उष्णता सतत टबात जाणार. चार लिटर द्रावण ४० मिनिटांत पाच-सहा अंशांनी तापेल, म्हणून सुरुवातच थंड टोकाला कर. पंचविशीच्या वर ॲसिड थर खाऊ लागतं आणि बोट फिरवलं की पांढरी पूड येते. फिशटँकचा हवेचा पंप सोडलास तर सगळीकडे तापमान सारखं राहील.

पट्टी निघाली की भरपूर धू, मग मल्टिमीटर. पास झाली तर एका टोकावर मार्कर पेनाची रेघ ओढ. थर चांगला असेल तर शाई आत शिरेल आणि ओल्या फडक्याने जाणार नाही. मग अर्धी पट्टी कापून उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात मायक्रॉनला तीन मिनिटं, म्हणजे पाऊण तास ठेव आणि तिच्यावर कोऱ्या जागी पुन्हा रेघ ओढ. ही पुसली गेली पाहिजे. दोन अर्ध्यांचा हा फरक दिसला की मग खुशाल रंगाकडे वळ.

रंगाचं थोडक्यात: ॲनोडाइझिंगसाठीचाच घे, कपड्यांचा नको. ५० ते ६० अंश, दहा मिनिटं, सहाही नॉब एकाच वेळी, नाहीतर छटा जुळणार नाहीत. त्याआधी ग्रब स्क्रूच्या भोकात सिरिंजने पाणी मारून अडकलेलं ॲसिड काढ, नाहीतर ते रंगात झिरपून भोकाभोवती फिकट ओघळ पाडेल. बरेचसे सेंद्रिय रंग उन्हात फिकटतात, पण ॲम्प्लिफायर काही तू गच्चीवर ठेवणार नाहीस.

द्रावण फेकू नकोस, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये नाव-तारीख लिहून कुलपात ठेव, बरेच दिवस चालतं. आणि हे नॉब विकायचे असतील, शंभर-दोनशे, तर घरी अजिबात करू नकोस. भोसरीत जॉबवर्कवाले आहेत, त्यांच्याकडे लॉट टाक. छटाही एकसारखी मिळेल.

रॉडचा ग्रेड आणि सप्लाय किती ॲम्पिअरचा आहे ते कळव. पट्टीच्या वेळी दर पाच मिनिटांनी व्होल्टेज आणि तापमान वहीत लिहून त्या पानाचा फोटो पाठव. पट्टीचा नाही पाठवलास तरी चालेल.

तुझा,
काका