गहाळ थर आणि नाहीसे झालेले पर्वत

प्रश्न : खडकांच्या दोन थरांमधला कोट्यवधी वर्षांचा काळ काही ठिकाणी गहाळ असतो आणि त्यावरून प्राचीन पर्वतांची माहिती मिळते, असे वाचनात आले. जे खडक अस्तित्वातच नाहीत, त्यांच्यावरून काही सिद्ध कसे होते? आपल्या भागात असे ठिकाण आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : खडक गेले तरी ते जिथून झिजून गेले तो पृष्ठभाग शिल्लक राहतो, आणि त्याच्या खालचे व वरचे थर एकमेकांशी कसे भिडतात हेही पाहता येते. भूविज्ञानात अशा पृष्ठभागाला विसंगती म्हणतात. आपल्या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायला स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सिकार पॉइंट या ठिकाणाइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही. स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन १७८८ मध्ये आपले सहकारी जॉन प्लेफेअर आणि सर जेम्स हॉल यांच्यासह होडीने तिथे गेले होते. तिथे ग्रेवॅक (चिखलमिश्रित कठीण वालुकाश्म) आणि शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) यांचे करडे थर जवळजवळ उभे आहेत, आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित उतरते पसरलेले आहेत.

समुद्रतळावर गाळ साचतो तेव्हा त्याचे थर साधारणपणे आडवे असतात. म्हणून खालचे थर उभे दिसतात याचा अर्थ असा, की ते साचले, कठीण झाले, प्रचंड दाबाने त्यांना घड्या पडल्या, ते समुद्राबाहेर उचलले गेले आणि हवा-पाण्याने झिजले. आणि हे सगळे घडून गेल्यावरच तांबडा गाळ त्यांच्यावर साचू लागला. तांबड्या खडकाच्या तळाशी खालच्याच ग्रेवॅकचे तुकडे अडकलेले सापडतात. वरचा थर साचत होता तेव्हा खालचा खडक उघडा पडून फुटत होता, याचा याहून थेट पुरावा असू शकत नाही.

हटन यांच्याजवळ वर्षांचे आकडे नव्हते, घटनांचा क्रम तेवढा होता. आज खालचे थर सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचे आणि वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात. म्हणजे मधली सुमारे साडेसहा कोटी वर्षे तिथे नोंदलेलीच नाहीत. आयापेटस नावाचा महासागर मिटत जाऊन त्याच्या दोन्ही काठांवरची भूखंडे एकमेकांना भिडली आणि कॅलेडोनियन पर्वत उभे राहिले, त्याच्या अखेरच्या टप्प्यांचा हा काळ आहे. घड्या पडलेल्या थरांपैकी सर्वांत तरुण थराचे वय ही पर्वतनिर्मितीची जुनी मर्यादा ठरते, म्हणजे त्या घड्या त्यानंतरच पडल्या. घड्या न पडलेल्या थरांपैकी सर्वांत जुन्या थराचे वय ही अलीकडची मर्यादा ठरते. पर्वतनिर्मिती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. मात्र संपूर्ण साडेसहा कोटी वर्षे पर्वत उंचावतच होता असे समजू नये, कारण त्या काळाचा मोठा वाटा झिजण्यातही गेलेला असतो. ही गल्लत फार वेळा होते, म्हणून मुद्दाम सांगत आहे.

पर्वताचे किती जाडीचे आवरण झिजून गेले, हे विसंगती एकटी सांगू शकत नाही. त्यासाठी रूपांतरित, म्हणजे दाबाने व उष्णतेने बदललेल्या, खडकांतील खनिजे पाहावी लागतात. स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात, याच महासागराच्या मिटण्याच्या आधीच्या टप्प्यात घडलेल्या खडकांत, कायनाइटसारखी खनिजे सापडतात. त्या खडकांत ती तयार झाली तेव्हा ते जमिनीखाली वीसएक किलोमीटर किंवा त्याहूनही खोल होते. आज ते पृष्ठभागावर आहेत. झिजलेल्या पर्वताचा गाळ इतरत्र जाऊन साचतो, आणि सिकार पॉइंटचा तांबडा वालुकाश्म ज्या गटात मोडतो, त्यातील पुष्कळसा गाळ कॅलेडोनियन पर्वतांच्याच झिजेतून आलेला आहे.

आता आपल्या भागाविषयी. कर्नाटकातील बागलकोट आणि बदामीच्या परिसरात कलादगी नावाच्या जुन्या गाळाच्या खडकांचे दोन गट आहेत. खालच्या बागलकोट गटाला घड्या पडलेल्या आहेत, तर वरचा बदामी गट जवळपास आडवा आहे. बदामीची प्रसिद्ध लेणी याच वरच्या गटाच्या वालुकाश्मात कोरलेली आहेत. दोन गटांमधली ही विसंगती कोनीय आहे, म्हणजे खालचे व वरचे थर एकमेकांशी कोन करून भिडतात. तरीही तेथे सिकार पॉइंटसारखाच निष्कर्ष लगेच काढता येत नाही, कारण बागलकोट गटातील घड्या भूखंडांच्या टकरीमुळे नव्हे, तर थर उताराने घसरल्यामुळे पडल्या असाव्यात, असेही मत संशोधकांनी मांडले आहे.

कलादगीचे खडक आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात आणि सिंधुदुर्गातही आहेत, आणि तिथे त्यांच्यावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट येऊन टेकतो. मधली फट निदान ४० कोटी वर्षांची आहे, म्हणजे सिकार पॉइंटच्या कित्येक पट. पण ती केवळ दीर्घकाळ झीज झाल्याने वा गाळ न साचल्यानेही पडू शकते. फट किती मोठी आहे यावरून पर्वत ठरत नाही. खालच्या थरांना घड्या पडल्या आहेत का, ते दाबाने व उष्णतेने रूपांतरित झाले आहेत का आणि त्याच काळातला झिजेचा गाळ आसपास कुठे साचला आहे का, हे तपासल्यावरच तसा निष्कर्ष काढता येतो.