घोड्याबरोबर छायाचित्र काढून घेताना

प्रश्न : माझ्याकडे तांबूस रंगाची, तेरा वर्षांची घोडी आहे. पुढच्या महिन्यात एक व्यावसायिक छायाचित्रकार आम्हा दोघींची छायाचित्रे काढणार आहेत. घरच्यांनी मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांत तिचे तोंड अवाजवी मोठे दिसते, कान मागे पडलेले असतात आणि मी अवघडून उभी असते. दोघींची तयारी कशी करावी? तिला त्याच दिवशी अंघोळ घालावी का?

उत्तर : तोंड मोठे दिसण्यात घोडीचा काहीच दोष नाही. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते आणि तिने जवळून छायाचित्र घेतले की पुढची वस्तू फुगलेली दिसते. घोड्याचे नाक डोळ्यांच्या कितीतरी पुढे असल्यामुळे हा परिणाम त्याच्या बाबतीत फारच ठळक होतो. व्यावसायिक छायाचित्रकार अशा कामासाठी बहुधा ८५ ते २०० मिलिमीटरची, म्हणजे दूरचे जवळ दाखवणारी लेन्स वापरतात आणि अंतर राखून उभे राहतात, त्यामुळे ही अडचण आपोआप दूर होईल.

कानांसाठी मात्र आजपासूनच प्रयत्न करावे लागतील. कान मागे असणे म्हणजे दर वेळी राग नव्हे. आपण तिच्या खांद्यापाशी उभ्या राहून बोलत असाल, तर एक कान आपल्याकडे वळणारच. परंतु दोन्ही कान मानेला चिकटलेले आणि नाकपुड्या आवळलेल्या असतील, तर ती चिडलेली आहे किंवा तिला काहीतरी टोचत अथवा दुखत आहे असे समजावे, आणि म्होरकी, लगाम व खोगीर नीट तपासावे. तसे काही नसेल, तर बहुतेक वेळा कारण साधे असते : तिला कंटाळा येईपर्यंत उभे केले जाते. म्हणून रोज खरारा झाल्यानंतर तिला मोकळ्या जागी काही मिनिटे शांत उभे राहण्याची सवय लावावी आणि ती चुळबुळू लागण्यापूर्वीच सोडावे. छायाचित्रकार रिफ्लेक्टर, म्हणजे प्रकाश परतवणारी चकती, आणणार असतील, तर तशीच एखादी मोठी पांढरी चकती आधी काही दिवस तिला दुरून दाखवावी, हुंगू द्यावी, मग तिच्या आसपास हलवावी. माझ्या मते अंघोळ आणि सजावटीपेक्षा ही तालीम अधिक महत्त्वाची आहे, कारण बिथरलेल्या घोड्याच्या अंगावरची चमक कोणी पाहत नाही.

प्रत्यक्ष त्या दिवशी छायाचित्रकाराच्या मागे एक मदतनीस उभा करावा. कागदी पिशवीचा चुरचुर आवाज किंवा किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकला की घोडा कान टवकारतो. पण तोच आवाज दोन-चारदा झाला की तो दुर्लक्ष करू लागतो, म्हणून छायाचित्रकाराने खूण केल्याशिवाय मदतनिसाने काहीही वाजवू नये. खाऊचे आमिष शक्यतो टाळावे, कारण चघळणारे तोंड आणि ओठांवरचा हिरवट फेस सर्वच छायाचित्रांत दिसतो. तिला आधी पोटभर चारा मिळालेला असावा आणि अंगातली रग जिरेल इतके चालवलेले असावे, मात्र घाम येईपर्यंत नव्हे. तिच्या दाण्याच्या वेळेला छायाचित्रण ठेवणे म्हणजे भांडण ओढवून घेणेच होय.

अंघोळ आदल्या दिवशी घालणे बरे. अंग पूर्ण वाळते आणि शाम्पूने गेलेला केसांचा नैसर्गिक स्निग्धपणा थोडा परत येतो. खरी चकाकी रोजच्या खराऱ्यानेच येते, कारण त्याने त्वचेतील तेल केसांवर पसरते. चमक आणणारे फवारे मला फारसे पसंत नाहीत. वापरायचेच असतील, तर खोगीर आणि तंग (खोगीर आवळण्याचा पट्टा) बसतात तेथे मारू नयेत, कारण खोगीर घसरण्याची भीती असते. केस कातरायचे असल्यास ते दीड-दोन आठवडे आधी कातरावेत, म्हणजे यंत्राच्या रेषा दिसत नाहीत. नालबंदाचे कामही आधीच उरकावे. आयत्या वेळी डोळ्यांचे कोपरे व नाकपुड्या ओल्या फडक्याने पुसणे, खूर साफ करणे आणि माशा पळवणारे औषध लावणे एवढेच शिल्लक राहावे.

आता आपल्याविषयी. तांबूस रंगाशेजारी गडद निळा किंवा गडद हिरवा कपडा उठून दिसतो. बारीक रेघांचे कापड टाळावे, कारण ते छायाचित्रात लहरल्यासारखे दिसते. फडफडणारी ओढणी नको. पायात बंद, भक्कम पादत्राण हवे. घोड्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसत असले, तरी कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही, म्हणून तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहण्याची हौस बेतानेच करावी. खांद्यापाशी, तिच्याकडे किंचित वळून उभे राहणे दोघींनाही सोयीचे असते. दोरी हाताला गुंडाळू नये, घडी करून धरावी. अवघडलेपणा जाण्यासाठी कॅमेऱ्याकडे पाहणे सोडून तिची आयाळ सारखी करावी. हातांना काम मिळाले की चेहरा सैल पडतो.

प्रश्न : माझा काळा घोडा प्रत्येक छायाचित्रात नुसता काळा डाग दिसतो. हा दोष कॅमेऱ्याचा आहे का?

उत्तर : दोष बहुधा प्रकाशाचा असतो. काळे केस प्रकाश शोषून घेतात, त्यामुळे भर दुपारच्या उन्हात पाठ चकाकते आणि पोट व पाय अंधारात बुडतात. सूर्योदयानंतरच्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या तासात, प्रकाश बाजूने येईल असे उभे केल्यास स्नायूंची ठेवण दिसू लागते. ढगाळ दिवसही चांगला. मोबाइलच्या पडद्यावर घोड्याच्या अंगावर बोट टेकवल्यास उजेडाचे मोजमाप त्याच्यावरून घेतले जाते. पार्श्वभूमी मोकळी ठेवावी, कारण डोक्यामागे खांब किंवा तारा आल्या की नजर तिकडेच जाते. जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराने १७६२च्या सुमारास रंगवलेले ‘व्हिसलजॅकेट’ या घोड्याचे भव्य चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात घोड्यामागे झाड, डोंगर, आकाश काहीच नाही. काळ्या घोड्यावर धूळही फार दिसते, तेव्हा एक कोरडे फडके जवळ असू द्यावे.

प्रश्न : म्होरकी काढून, मोकळ्या घोड्याबरोबर छायाचित्र घ्यावे असे वाटते. ते योग्य आहे का?

उत्तर : चारही बाजूंनी कुंपण असलेल्या आणि घोड्याच्या ओळखीच्या जागेतच घ्यावे. उघड्या माळावर बारीक म्होरकी आणि दोरी राहू द्यावी व ती छायाचित्रातून नंतर पुसून द्यावी, असे छायाचित्रकाराला आधीच सांगावे. सरावलेल्या हाताला ते अवघड नसते, मात्र दोरी आपल्या अंगावरून किंवा घोड्याच्या आयाळीवरून जाणार नाही याची काळजी घ्यावी, नाहीतर पुसण्याचे काम फार किचकट होते.